पायवाट सोडल्यावर पायात काय घालायचं: बूट निवडीच्या नोंदी

११ सप्टेंबर

जुने बूट गेले. झिजून नाही, कुजून. वरचं चामडं शाबूत आहे, सोलचे दाते जवळपास नवे आहेत, पण मधला मऊ थर, म्हणजे मिडसोल, बोटाने दाबला की भुगा होऊन पडतोय. तो पॉलियुरेथेनचा होता. हवेतला दमटपणा या पदार्थाला आतून तोडत राहतो. मग बूट डोंगरावर असो नाहीतर कपाटात. कमी वापरली म्हणून जोडी जास्त टिकेल, हा हिशेब इथे चालत नाही. दुसरा नेहमीचा मिडसोल ईव्हीएचा, म्हणजे एका हलक्या फोमचा. त्याचा असा भुगा होत नाही, पण वापराने तो दबून कायमचा चपटा होतो. जुन्या साठ्यातली जोडी घेणार असाल तर मिडसोल कशाचा आहे आणि बूट कधी बनलाय, हे आधी बघा.

नवी जोडी घ्यायची तर काम काय ते आधी लिहून ठेवतो, कारण दुकानातल्या भिंतीसमोर उभं राहिलं की ते डोक्यातून जातं. वाट नसलेला डोंगर. तिरपं गवत, घसारा म्हणजे सुट्या दगडांचा उतार, एकावर एक पडलेले धोंडे आणि मधूनमधून हात लावल्याशिवाय न जमणारा कातळ. चढाई किती अवघड ते सांगणाऱ्या योसेमिटी वर्गवारीत सांगायचं तर तिसरा आणि चौथा वर्ग. तिसऱ्यात हात लागतात, चौथ्यात पडलं तर निस्तरणं अवघड असतं. दोर लावून करायचं क्लाइंबिंग यात धरलेलं नाही. बर्फही नाही.

दिवसातली बहुतेक पावलं कुठल्याही बऱ्या बुटात निभतात. निवड करायची ती उरलेल्या थोड्या पावलांसाठी, जिथे पाय सुटला तर खाली काही नसतं. एवढं पक्कं ठरवून सुरुवात करतोय.

१४ सप्टेंबर: पाय मोजले

संध्याकाळी मोजले, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असताना. टाच भिंतीला टेकवून, कागदावर उभं राहून, पाठीवर भरलेली सॅक घेऊन. बसून मोजलं तर माप कमी येतं. अंगाचं वजन पडलं की तळपायाची कमान बसते आणि पाय लांबतो. डावा २६२ मिलीमीटर, उजवा २६७. बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यायचा. लहान पायासाठी इनसोलखाली पातळ थर टाकता येतो, उलटं काही करता येत नाही.

नंबरांचा घोळ वेगळाच. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे ६.६७ मिलीमीटर. ब्रिटिश पद्धतीत ८.४७, म्हणजे अर्धा नंबर साधारण ४.२. हे आकडे एकमेकांवर नीट बसणं शक्यच नाही. खोक्यावर छापलेला ‘बरोबरीचा’ नंबर हा जवळचा आकडा धरून टाकलेला असतो. त्यात पुन्हा हे नंबर ज्यावर बूट बनतो त्या साच्याच्या लांबीवर काढलेले, पायाच्या नाही. मोंडोपॉइंट पद्धतीत मात्र पायाचीच लांबी मिलीमीटरमध्ये देतात. बुटाच्या जिभेआड तो आकडा सापडला तर बाकीचे सोडा, तोच वाचा.

टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंतचं मापही घेतलं. हे सहसा कुणी घेत नाही. बूट जिथे वाकतो ती रेघ आणि चवडा एका जागी यायला हवेत. नाही आले तर लांबी बरोबर असूनही प्रत्येक पावलाला टाच उचलली जाते, आणि मग फोडांचं खापर मोज्यांवर फुटतं.

२० सप्टेंबर: तीन जोड्या

दोन उसन्या, एक परत करता येईल अशा बोलीवर घेतलेली. नावं देत नाही. जात महत्त्वाची.

अ: घोट्याच्या वर येणारा, अख्ख्या चामड्याचा, कडक. एका बुटाचं वजन ७१० ग्रॅम. दाते ५ मिलीमीटर खोल.

ब: ट्रेल रनिंगचा, जाळीच्या कापडाचा. ३०५ ग्रॅम. दाते ५ मिलीमीटर, पण मऊ आणि एकमेकांपासून लांब.

क: अप्रोच शू. कड्याच्या पायथ्यापर्यंत चालत जावं आणि सोपा कातळ त्याच बुटांत चढावा, यासाठी बनवलेली जात. ४२० ग्रॅम. दाते ३ मिलीमीटरही नाहीत, गोल ठिपक्यांसारखे. अंगठ्याखाली पूर्ण सपाट पट्टा. लेस थेट बोटांपर्यंत जाते.

वजनाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की चालायला साधारण एक टक्का जास्त ऊर्जा लागते. म्हणजे अ आणि क यांच्यात तीनएक टक्के. ऐकायला काहीच नाही. पण संध्याकाळी पाय जड झाल्यावर नेमक्या खोबणीत पाऊल ठेवता येतं की नाही, हे त्या टक्क्यांत येत नाही.

२८ सप्टेंबर: लाकडी पट्टी

डोंगरावर न्यायच्या आधी घरीच. १५ मिलीमीटर जाडीची कठीण लाकडाची पट्टी भिंतीला गुडघ्याखाली स्क्रूने मारली, वरची धार काटकोनी ठेवली. पट्टीवर बुटाचं टोक ठेवून एका पायावर उभं राहायचं, हाताची बोटं भिंतीला नुसती टेकलेली. आधी समोरून टोक, मग अंगठ्याकडची आतली कड.

ब ठेवला, वजन दिलं. पुढचा दाता बरोबर पट्टीच्या धारेवर होता. टाच खाली जायला लागली तसा तो मागे दुमडायला लागला, आणि दुमडता दुमडता अख्खा बूट बाहेर सरकला. मग दुसरा दाता धारेवर आला. तो जरा थांबला, पुन्हा दुमडला, आणि पाय जमिनीवर. घरी हे सावकाश होतं म्हणून दिसतं. कातळावर फक्त ‘सटकला’ एवढंच कळतं, आणि दोष दगडाला जातो. खोल दाते मातीत रुततात म्हणून त्यांचं कौतुक; धारेवर तेच पायाखालून निघून जातात.

अ समोरून छान उभा राहिला. सोल इतका कडक की पोटरीला फारसं कामच नाही. आतल्या कडेवर मात्र कुठे टेकलंय ते कळेना. टोक रुंद, वर उचललेलं, खाली रबराचा जाड थर. पाऊल डोळ्यांनी पाहून ठेवावं लागतं, आणि प्रत्येक वेळी खाली पाहता येईलच असं नाही.

क चा सपाट पट्टा धारेवर बसला तो हललाच नाही. चवड्यापाशी थोडा वाकतो, मिनिटभरात पोटरी भरून येते, पण धार पायाला स्पष्ट लागते.

पट्टी मारायची नसेल तर दुकानात निदान हे करा. बूट टोक आणि टाच धरून पिळा. ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर तो धारेवर उभा राहणार नाही. वाकायला चवड्यापाशी मऊ आणि पिळायला कडक, असा हवा.

५ ऑक्टोबर: कोरडा कातळ

होल्ड, म्हणजे हातापायाला धरायला खाचखळगा, नसलेला तिरपा कातळ. इथे धार नसतेच. तळव्याचा जास्तीत जास्त भाग दगडाला चिकटवून फ्रिक्शनवर चढायचं. त्यासाठी टाच खाली पाडावी लागते, आणि अ चा उंच गळा ती पाडू देत नाही. लेस वरच्या हुकांमधून काढल्यावर जमलं. पण मग उंच बूट घेतलाच कशाला? ब चं रबर बरं, पण आडव्या चालीत पाय बुटाच्या आत उतरणीकडे सरकतो; जाळी धरून ठेवत नाही. क इथे इतका पुढे आहे की तुलनेला अर्थ नाही. मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीत बसतं, आणि दाते उथळ असल्यामुळे टेकणारा भाग मोठा होतो.

आज संध्याकाळी निकाल लागल्यासारखं वाटत होतं.

१२ ऑक्टोबर: ओलं गवत

नाही लागला. रात्रभर पाऊस, सकाळी उघडीप, तिरप्या गवताची लांबलचक उतरण. क मध्ये उभं राहणंही मुश्कील. ठिपक्यांमध्ये माती भरली, सोल गुळगुळीत झाला, आणि पुढचा अर्धा उतार बसून, हातांनी गवत धरत केला. ठरलेला कातळ गाठेपर्यंत दुपार टळली, तो सोडून द्यावा लागला. सगळा दिवस गेला.

क च्या सोलला टाचेची पायरी नाही, हे कारण खाली बसूनच कळलं. चालायच्या बुटांत टाच आणि कमान यांच्यामध्ये एक ठळक कड असते. उतरताना ती मातीत रुतते आणि ब्रेकचं काम करते. बऱ्याच अप्रोच शूंचा तळ सलग असतो. कातळावर तो बरा, गवतावर काहीच धरत नाही. उसनी दिलेली जोडी अ घालून सोबत आलेला मित्र शांतपणे टाचा रोवत उतरला आणि खाली वाट पाहत बसला.

१३ ऑक्टोबर

कालच्या उतरणीनंतर एक जुनी गोष्ट आठवली. खिळे ठोकलेले जड बूट पायथ्यापर्यंत, आणि कातळासाठी पातळ तळाचे हलके बूट, अशा दोन जोड्या वापरायची युरोपात रीत होती. १९३५ साली पुंता रासिका या शिखरावर वादळात अडकून सहा गिर्यारोहक गेले. जड बूट खाली ठेवून ते हलक्या बुटांत चढले होते. त्या मोहिमेत असलेल्या व्हिताले ब्रामानी यांनी त्यानंतर दोन्ही कामं करेल असा खोल दात्यांचा रबरी सोल बनवायचं मनावर घेतलं, आणि १९३७ मध्ये तो आला. या सोलचं व्हिब्राम हे नाव त्यांच्याच नावावरून. माझा प्रश्न तेवढाच जुना आहे, आणि आजही उत्तर तडजोडीचंच आहे. फक्त तडजोड कुठे करायची ते ठरवता येतं.

माझ्यापुरतं ठरवलं: गवतावर घसरलो तर बहुतेक वेळा बसकण मारून थांबता येतं, वेळ जातो. चौथ्या वर्गाच्या कातळावर थांबता येत नाही. म्हणून कातळाच्या बाजूने झुकायचं आणि गवतासाठी काठी घ्यायची. ज्यांच्या डोंगरात कातळ थोडा आणि उभं ओलं गवत फार, त्यांनी माझं ऐकू नये. त्यांचा बूट अ च्या जवळचा.

२५ ऑक्टोबर: घसारा

ब बाद. करंगळीच्या बाजूची जाळी एका उतरणीत फाटली. बूट ज्याचा त्याला नवी जोडी घेऊन द्यावी लागणार. या प्रकल्पातला सगळ्यात महाग दिवस.

सुटे दगड बुटाला समोरून मारत नाहीत, बाजूने घासतात, आणि ते घासणं पडतं शिवणीवर. दोरा तुटला की तुकडा उघडतो. म्हणून बूट हातात घेतल्यावर आधी चवड्याच्या दोन्ही बाजूंना शिवण कुठे येते ते पाहा. जितकी कमी तितकी बरी. खालच्या कडेने फिरणारी रबराची पट्टी, रँड, निदान बोटांभोवती उंच हवी. क ला रँड आहे, पण त्याच्या वर एक टाक्यांची ओळ उघडी आहे. तिथे दोऱ्यांचे केस निघालेत. युरेथेनचा लवचीक गोंद बोटाने त्या ओळीवर चोळून रात्रभर सुकू दिला. दिसायला घाण, पण त्यानंतर झीज थांबली. नव्या बुटाला हे पहिल्याच दिवशी करावं.

बुटक्या बुटात खडे शिरतात. घोट्याएवढे आखूड गेटर, म्हणजे बुटाचा गळा झाकणारी कापडी पट्टी, घातले की प्रश्न मिटतो. गेटरचा हुक अडकवायला लेसची सगळ्यात पुढची घडी पुरते.

८ नोव्हेंबर: उतरताना

लांब उतार, आणि उजव्या अंगठ्याचं नख काळं. लांबी बरोबर असताना हे का झालं? कारण बोटांना जागा होती, पण पायाला जागच्या जागी धरून ठेवणारं काही नव्हतं. प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकून टोकावर आपटत होता. लेस सगळीकडे सारखी आवळली तर चवडा दुखतो आणि टाच तरीही सैल राहते. उपाय दोन. पायाच्या वाकणापाशी लेसला नेहमीच्या एका वेढ्याऐवजी दोन वेढे द्यायचे. गाठ तिथेच घट्ट बसते, आणि खालचा भाग सैल ठेवून वरचा आवळता येतो. आणि सगळ्यात वरच्या भोकांतून लेसचा छोटा फास काढून दुसऱ्या बाजूचं टोक त्यातून ओढायचं, म्हणजे टाच मागे खेचली जाते.

दुकानात याची परीक्षा सोपी आहे: उतरत्या फळीवर उभं राहून पाय जोरात पुढे आपटायचा. बोट टोकाला लागलं तर ती जोडी तिथेच ठेवायची. सपाट फरशीवर चार येरझाऱ्या घालून काहीही कळत नाही.

९ नोव्हेंबर

क परत. नखामुळे नाही, करंगळीमुळे. लेस नीट बांधल्यावर टाच बसली, पण साचा अरुंद आहे आणि करंगळीचा सांधा दिवसभर दाबला जातो. चामडं थोडं सैल होतं, रँडचं रबर होत नाही. रँडमुळे पाय दाबला जात असेल तर ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर जाऊ नका.

त्याच जातीची, रुंद साच्याची ड घेतली. वरचा भाग जाड सुएड चामड्याचा, शिवण कमी, टाचेला उथळ का होईना पायरी आहे. ४५५ ग्रॅम.

२२ नोव्हेंबर: ओला कातळ

ड घेऊन. स्वच्छ, खडबडीत ओल्या दगडावर रबर बऱ्यापैकी धरतं. काळपट शेवाळ किंवा दगडफूल ओलं असेल तर काहीच धरत नाही. सोबत्याचा अ तिथे तसाच घसरला. त्या जागेवर बूट बदलून उपयोग नाही, वाट बदलायची.

एक साधी सवय कामाची ठरली. मातीतून कातळावर जाताना तळवा पोटरीवर, पँटला घासून पुसायचा. सुकलेल्या चिखलाचा पापुद्रा मध्ये असला तर रबर कितीही भारी असो, आपण मातीवरच उभे असतो.

२९ नोव्हेंबर: बादली

ड चीच वॉटरप्रूफ मेम्ब्रेनवाली, म्हणजे आत पाणी अडवणारा पातळ पडदा असलेली, आवृत्तीही मिळते. एका ओळखीच्याकडे होती. दोन्ही वजन करून, बादलीत बुडवून, इनसोल काढून, आत कागद कोंबून एकाच खोलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी साधा बूट पूर्वीच्या वजनाच्या अगदी जवळ आला. मेम्ब्रेनवाला तेव्हाही दमट होता, तिसऱ्या दिवशी सुकला. दव किंवा उथळ पाण्यात मेम्ब्रेन उपयोगी. पाणी एकदा वरून, गळ्यातून आत गेलं की तेच आत अडकतं. बुटक्या बुटात पाणी वरूनच जातं. साधा ठेवला.

सुकवायची घाई करून शेकोटीजवळ किंवा हीटरवर ठेवू नका. सोलचा गोंद उष्णतेने सुटतो आणि चामडं आखडतं.

१३ डिसेंबर: घोट्याचा प्रश्न

‘घोटा मुरगळेल’ हे ऐकून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहितो. बास्केटबॉल खेळाडूंवरच्या अभ्यासात उंच आणि बुटक्या बुटांत मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नव्हता. खेळाचं मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हे मान्य. पण माझ्याकडचं निरीक्षण असं: जाड सोल पाय जमिनीपासून उंच उचलतो, आणि पाऊल दगडाच्या कडेवर वाकडं पडलं की तेवढाच जास्त कलंडतो. ड मध्ये पाय खाली असतो आणि दगड हलतोय हे लवकर कळतं. उंच गळ्याचा खरा फायदा वेगळा आहे. धोंड्यांच्या फटीत पाय गेला की घोट्याचं हाड सोलवटत नाही. ड मध्ये ते सोलवटतं. सध्या आतून जाड लोकरी मोजे वर दुमडून घेतो, निम्मं काम होतं. ज्याचा घोटा आधीच दुखावलेला आहे त्याने मात्र या नोंदीवर विसंबू नये.

१७ जानेवारी: सोल

ड वापरात पक्की. अंगठ्याखालचा सपाट पट्टा अपेक्षेपेक्षा लवकर झिजतोय. कातळावर धरणारं मऊ रबर चालताना तितक्याच वेगाने जातं. पायथ्यापर्यंतचा डांबरी रस्ता आता साध्या चपलेत चालतो, तेवढीच बचत.

सोल बदलून घेणं नव्या जोडीपेक्षा बरंच स्वस्त, पण वेळेवर केलं तर. पट्टा पार झिजून दगड रँडला लागायला लागला की टोक नव्याने बांधावं लागतं, आणि ते काम मोठं. बाजूने पाहिलं तर सोल आणि रँड यांच्या सांध्याची रेघ टोकाशी अजून दिसते. ती पुसट व्हायला लागली की जोडी द्यायची. देताना कारागिराला दोन गोष्टी लिहून देणार आहे: टोकाशी पट्टा सपाटच हवा, दाते नकोत, आणि टाचेच्या पायरीची कड मिडसोल न कापता आणखी ठळक करता येईल का, ते आधी सांगा.